विलायतेत कावळे असतात का?

आक्कांनी पदराची गाठ सोडली, आतल्या नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "ही घ्या. मेलेल्या मानसाचं पैसं मला पचायचं न्हाईत."

एकाहत्तर सालचा फेब्रुवारी होता. माझं ऑफिस नव्या पेठेत एका कापडाच्या दुकानावर. पाटीवर 'टॅक्स प्रॅक्टिशनर' असं लिहिलेलं होतं, पण सोलापुरात दुसऱ्याचे कागद भरून देणारा प्रत्येक माणूस वकीलच. इन्कम टॅक्सचे रिटर्न, पेन्शनचे फॉर्म, मुखत्यारपत्रं, असली कामं मी करायचो. आक्का करमाळ्याजवळच्या खेड्यातून एसटीनं आल्या होत्या. साठीच्या पुढं वय, सडसडीत बांधा, आणि रडून रडून डोळे सुजलेले.

"कोण मेलं, आक्का?" मी विचारलं.

"आमचा रंगनाथ," असं म्हणून त्यांनी निळं विमानाचं पत्र पुढं केलं.

रंगनाथराव ढेकळे माझे अशील. सरकारी मोजणी खात्यातून निमतानदार म्हणून रिटायर झालेले. निमतानदार म्हणजे मोजणीदारानं मोजलेली जमीन पुन्हा मोजून त्याची चूक काढणारा माणूस. तीस वर्षं दुसऱ्याच्या चुका काढल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचंही झालं होतं. माझ्या ऑफिसची खिडकी भिंतीच्या मधोमध नाही, दोन इंच डावीकडं आहे, हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं. मी त्या खिडकीशेजारी सहा वर्षं बसत होतो.

त्यांचा मुलगा कापड गिरणीतला इंजिनिअर. इथं डिप्लोमा करून तो विलायतेत बोल्टन नावाच्या गावी गिरणीत लागला आणि आईवडिलांना कायमचं तिकडं बोलावून घेतलं. जाण्याआधी निमतानदारांनी तीन आठवडे माझा जीव खाल्ला. पेन्शनवर टॅक्स बसत नव्हता, तरी रिटर्न भरायचाच असा हट्ट. "उद्या कुणी म्हणायला नको, ढेकळे विलायतेला पळाला."

त्या काळी पेन्शन ट्रेझरीतून, म्हणजे सरकारी तिजोरीच्या कचेरीतून मिळायची. पेन्शनरनं स्वतः जाऊन उभं राहायचं. परदेशी जाणाऱ्यानं इथं एक एजंट नेमायचा. एजंटनं सरकारला बाँड लिहून द्यायचा, की हा माणूस मेल्यावर एक रुपया जरी जास्त उचलला गेला तर तो मी माझ्या खिशातून भरीन, आणि मेल्याचं कळताच ताबडतोब कळवीन. शिवाय दर नोव्हेंबरात पेन्शनरनं हयातीचा दाखला पाठवायचा, म्हणजे तिकडच्या एखाद्या अधिकाऱ्यासमोर उभं राहून आपण जिवंत असल्याची सही आणायची. निमतानदारांचा एजंट मी होतो. पेन्शन तिकडं न्यायची तर परकीय चलनाची परवानगी काढावी लागायची. ती त्यांना नकोच होती.

"माझं पोट मुलगा भरतोय," ते म्हणाले होते. "हा पैसा आक्काचा. दर महिन्याला मनीऑर्डर करायची. चुकायची नाही."

आक्का त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झालेली, मूलबाळ नाही. आई लवकर गेल्यानं निमतानदारांना त्यांनीच वाढवलं होतं. त्या मनीऑर्डरीवरच आक्कांची चूल पेटायची. आणि आता त्याच आक्का शेवटच्या मनीऑर्डरीचे पैसे परत करायला एसटीचं भाडं खर्चून आल्या होत्या.

मी पत्र उघडलं. वहिनींचं, म्हणजे निमतानदारांच्या बायकोचं अक्षर. तीनच ओळी. यांना देवाज्ञा झाली. पुढचं सगळं इकडंच करतो. पत्र वाचून फाडून टाकावं.

"फाडलं का नाही?"

"सरकारी कामाला लागंल म्हनलं," आक्का म्हणाल्या, आणि परत पदर डोळ्याला लावला. मग नाक ओढून म्हणाल्या, "गावातली समदी म्हनत्यात, आक्का, दम धर. त्येच्या डोस्क्यावर कावळा बसला आसंल."

इथं थोडं सांगायला हवं. आमच्याकडं कुणाच्या डोक्यावर कावळा बसला तर ते फार वाईट समजतात. मरण जवळ आल्याची खूण. त्यावर तोड एकच. तो माणूस मेल्याची खोटी बातमी जिवाभावाच्या एखाद्या नातलगाला कळवायची. ते नातलग खरोखर रडलं, की आलेलं मरण रडण्यातच निघून जातं. आठ दिवसांनी दुसरं पत्र टाकायचं, की माणूस खुशाल आहे. अशा पत्रांनी मी पाहिलेल्या कितीतरी घरांत आधी रडारड आणि मग शिव्याशाप झालेले आहेत.

"मग तुम्हाला काय वाटतं, आक्का?"

"मला बी आदी त्येच वाटलं. पर मास्तरला इचारलं की. त्यो म्हनला, विलायतेत गुडघा गुडघा बरफ पडतंय. मंग बरफात कावळा जगंल कसा? सांगा तुमी. विलायतेत कावळं असत्यात व्हय?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. मी खिडकीबाहेर पाहिलं. विलायतेबद्दल मला राणी माहीत होती, गिरण्या माहीत होत्या, टॅक्सचे कायदे थोडेफार माहीत होते. कावळा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

"नसावेत," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात महागडा सल्ला तो हाच, आणि मी तो फुकट दिला.

आक्का गेल्यावर बाँड माझ्या डोळ्यासमोर नाचू लागला. 'ताबडतोब' या शब्दाखाली माझीच सही होती. मुलाला पत्र लिहून खात्री करावी असं मनात आलं, पण त्यात महिना जाईल, आणि तोवर मी एका मृत माणसाची पेन्शन उचललेली असेन. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला मी ट्रेझरीत हजर झालो. पेन्शनच्या टेबलावर बिराजदार होते. अक्कलकोटकडचे, पोटानं आणि मनानं मोठे.

"काय की वकील, लई सकाळी?"

मी अर्ज, पत्र आणि आक्कांनी परत केलेले पैसे पुढं ठेवले. बिराजदारांनी पत्र दोनदा वाचलं.

"तार नाही आली?"

"विलायतेहून तार करायला किती पडतात माहीत आहे का?"

"ते बी खरंय. चांगला माणूस होता हो. माझ्या जागेच्या मोजणीत हातभर गटार शेजाऱ्याकडं निघालं होतं, ते ह्यांनी परत आणून दिलं." त्यांनी हळहळत लाल शाईची दौत ओढली, निमतानदारांच्या पेन्शनच्या पुस्तकावर 'मयत' असं लिहिलं आणि सही ठोकली. पैसे चलनानं जमा झाले. पुस्तक मुंबईच्या वरच्या ऑफिसला रवाना झालं. बातमी हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत मी माझं कर्तव्य केलं होतं, आणि त्या संध्याकाळी मला स्वतःचा अभिमान वाटला हे कबूल करतो.

मार्चच्या शेवटी टपालात एक निळं पत्र आलं. पाठवणाऱ्याचं नाव रंगनाथ ढेकळे. खालच्या दुकानदाराला हाक मारून जवळ बसवलं आणि मग पत्र उघडलं.

"दोन महिने आपला हिशेब नाही," निमतानदारांनी लिहिलं होतं. "इकडं टपाल खात्याचा मोठा संप झाला, सहा-सात आठवडे पेट्यासुद्धा बंद होत्या, म्हणून वाट पाहिली. आता संप मिटूनही आपलं पत्र नाही. ही दिरंगाई बरी नव्हे. आक्काची मनीऑर्डर वेळेवर जात असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम."

तारीख मार्चची. मेलेला माणूस मला कामचुकार म्हणत होता.

दोन दिवसांनी आक्का आल्या. त्यांच्याही हातात निळं पत्र. दिवाळी असल्यासारखा चेहरा.

"सायब, कावळाच की वो!"

वहिनींचं ते दुसरं पत्र संपात अडकलं होतं. बागेत बसलेल्या निमतानदारांच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. घाबरलेल्या वहिनींनी नवऱ्याला आणि मुलाला न सांगता गुपचूप नणंदेला मरणाचं पत्र टाकलं. ते संप सुरू होण्याच्या आदल्या दिवसांत निघून आलं. खुशालीचं पत्र मात्र पेटीला कुलूप लागल्यानं घरातच पडून राहिलं.

"म्हंजी विलायतेत कावळं असत्यात बगा," आक्का म्हणाल्या.

"असतात," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मंग आता मनीआर्डर चालू व्हईल न्हवं?"

मी हो म्हणालो आणि धावत ट्रेझरीत गेलो.

बिराजदारांना आनंद झाला. पण त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, ही काही चांगली खूण नव्हती. "वकील, मयत लिहायला माझी सही पुरते. मयत खोडायला माझी पुरत नाही. साहेबांकडं चला."

साहेब म्हणजे ट्रेझरी ऑफिसर. तिशीचे, कोकणातून नुकतेच बदलून आलेले, हुशार. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मरणाची खबर कोणी दिली?"

"मी."

"लेखी?"

"लेखी."

"आणि आता तुम्हीच सांगताय की ती खोटी होती. उद्या वरच्या ऑफिसनं विचारलं की हा एजंट आधी खोटं बोलला की आता खोटं बोलतोय, तर मी काय उत्तर देऊ?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, फक्त जरा मोठ्यानं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, तिकडच्या आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर केलेला नवा हयातीचा दाखला, अंगठ्याच्या ठशासकट. दुसरी, माझं प्रतिज्ञापत्र, खोटी खबर का दिली याच्या कारणासह.

"आणि वकील," मी उठता उठता ते म्हणाले, "विलायतेत कावळे असतात का हो?"

"असतात, साहेब."

"पुरावा? तुमची सगळी केस त्या कावळ्यावर उभी आहे. कावळा नसेल तर प्रतिज्ञापत्र खोटं, आणि मग ते प्रकरण माझ्या टेबलावर राहत नाही."

प्रतिज्ञापत्र करायला मी मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाला मजकूर मोठ्यानं वाचायची सवय होती. "सदर पेन्शनर यांचे डोक्यावर कावळा या जातीचा पक्षी बसलेने, रूढीप्रमाणे दोषनिवारणार्थ त्यांचे पत्नीने ते मयत झालेची बातमी नणंदेस कळविली. विलायतेत कावळे नसतात अशा समजुतीने एजंट यांनी ती खरी मानली." मग जो हशा उठला तो बाहेर रस्त्यावर गेला असणार, कारण पुढं वर्षभर नव्या पेठेतली माणसं मला पाहिलं की 'काव काव' करायची.

निमतानदारांना सविस्तर पत्र लिहिलं. आपण जानेवारीपासून मयत असल्याचं त्यांना माझ्याकडूनच कळलं. दाखला पाठवा, कावळ्याचा काही पुरावा असल्यास तोही पाठवा, असं कळवलं आणि त्यांच्या उत्तराची मी मनापासून धास्ती घेतली.

दरम्यान आक्का. एप्रिल गेला, मे गेला. मी माझ्या खिशातून त्यांना मनीऑर्डर केली. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली. आठवड्यानं त्या स्वतः आल्या.

"माज्या भावाचं पैसं मी घेती. तुमचं घेतलं तर तुमी माजं कोन?"

"पण आक्का, माझ्यामुळंच ही वेळ आली. मग चालवता कसं?"

"खुरपायला जाती की लोकाच्यात. हात हायेत अजून." असं म्हणून त्यांनी पिशवीतून शेंगाच्या चटणीची पुडी काढून टेबलावर ठेवली. "ही तुमची फी."

मला फार लाज वाटली. अडुसष्ट वर्षांची बाई माझ्या एका 'नसावेत'पायी उन्हात दुसऱ्याचं रान खुरपत होती, आणि वर माझी फी भरत होती. ती चटणी मी घरी नेली, पण ताटात वाढून घेतली नाही.

जूनमध्ये बोल्टनहून जाडजूड पाकीट आलं. हयातीचा दाखला होता, शिक्का, सही, ठसा सगळं व्यवस्थित. त्याच्याखाली चार पानांचं पत्र, आणि पत्राखाली घडी घातलेला एक नकाशा. पत्रातला मुख्य मुद्दा असा. "तीस वर्षांत मी एकही मोजणी फेरतपासणीशिवाय मान्य केली नाही. माझं मरण मात्र तुम्ही एका बाईच्या तीन ओळींवर मान्य केलंत. याचं मला मरणापेक्षा जास्त दुःख आहे."

आणि तो नकाशा! एक इंचाला चार फूट अशा प्रमाणात घरामागची बाग काढली होती. बाक, कुंपण, झाड, झाडाची उंची. कावळा ज्या फांदीवरून निघाला ती फांदी, त्याच्या उड्डाणाची तुटक रेघ, आणि बाकावर एक छोटा गोल, त्याला नाव 'पेन्शनर'. बाजूला बारीक अक्षरात शेरा होता. "कावळा टोपीवर बसला. टोपी लोकरीची, जाडी पाव इंच. डोक्यास प्रत्यक्ष स्पर्श नाही. सबब दोष लागू नाही. सबब मयत केल्याची कार्यवाही मुळातच चूक." खाली शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याची साक्षीदार म्हणून सही होती. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं की, होय, मी पाहिलं, तो कावळाच होता, आणि या भागात ते फार माजले आहेत.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला. मग त्यांनी बिराजदारांना बोलावलं.

"बिराजदार, तुम्हाला मोजणीतलं कळतं. हे बघा."

बिराजदारांनी चष्मा पुसला आणि पट्टी मागवली. झाडापासून बाकापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं, चारानं गुणलं, कडेच्या आकड्याशी ताडून पाहिलं.

"उत्तर दिशा दाखवलीय," ते म्हणाले. "माप जुळतंय. साहेब, हे दुसरा कुणी काढूच शकत नाही. ढेकळे जिवंत आहेत."

ठसा, सही आणि वकिलातीचा शिक्का यांना जे जमलं नसतं ते त्या रेघांनी केलं, असं माझं आजही मत आहे. साहेबांनी जोरदार शिफारस लिहिली आणि फाईल मुंबईला गेली. श्रावणात ती परत आली. पेन्शन पूर्ववत सुरू करावी, मागची थकबाकी द्यावी. कावळ्याबद्दल चकार शब्द नव्हता. एकच ऑब्जेक्शन होतं, की सोबतच्या नकाशावर कोर्ट फीचं तिकीट लावलेलं नाही. ते मी माझ्या खर्चानं लावलं.

थकबाकीची मनीऑर्डर न करता मी स्वतःच आक्कांच्या गावी गेलो. त्या एकाच्या शेतात खुरपत होत्या. मला बांधावर पाहून उठल्या, हात झटकले. पैसे हातात ठेवल्यावर म्हणाल्या, "भावाचंच हायेत न्हवं? नीट बगून दिलंत न्हवं?" मी कागद दाखवला, वाचून दाखवला. मग त्यांनी नोटा पदरात बांधल्या आणि तिथंच बांधावर बसल्या.

न राहवून मी विचारलं, "आक्का, वहिनींनी तुम्हाला फुकट रडवलं. वरून सहा महिने हे हाल. राग नाही येत?"

"राग कशाचा?" त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तीन दिस पानी बी प्याले न्हाई मी. तवा तर वाचला त्यो. दुसऱ्या कुनाला कळीवलं असतं आन् त्ये वरवर रडलं असतं, मंग? वैनी लई शानी बाई."

टोपीच्या जाडीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

त्यानंतर वीसेक वर्षं मी परदेशी जाणाऱ्या पेन्शनरांचे कागद केले. कुणी आखातात मुलाकडं, कुणी अमेरिकेत लेकीकडं. प्रत्येकाच्या फाईलला मी माझ्या मनानं एक कोरा कागद जोडायचो आणि विचारायचो, "तिकडं डोक्यावर कावळा बसलाच, तर तुम्ही मेल्याची खोटी बातमी कुणाला कळवणार? नाव-पत्ता द्या. म्हणजे त्या पत्त्यावरून मरणाची खबर आली तर मी आठ दिवस थांबेन." लोक हसायचे. पण त्या कागदानं पुढं दोन माणसं ट्रेझरीत मरता मरता वाचली.

या धंद्यात मी शिकलो ते एवढंच. नॉमिनीचा, म्हणजे आपल्यामागं पैसा कुणाला द्यायचा त्याचा रकाना भरायला माणसाला आठवडा लागतो. बायकोला विचारतो, मुलांना विचारतो, लिहून खोडतो. माझ्या कोऱ्या कागदावरचं नाव मात्र एकानंही कुणाला विचारून लिहिलं नाही. हसणं थांबायच्या आत लिहून व्हायचं.